‘पुट अप विथ’ : मावशीकडे राहणे आणि मावशीला सोसणे

प्रश्न : माझी मुलगी पदव्युत्तर शिक्षणासाठी इंग्लंडला गेली आहे. वसतिगृहात खोली मिळेपर्यंत ती माझ्या धाकट्या बहिणीकडे राहते आहे. विद्यापीठाच्या कार्यालयात पत्ता सांगताना ती म्हणाली, ‘आय ॲम पुटिंग अप विथ माय आंट.’ त्यावर समोरच्या बाईंनी आवाज खाली आणून विचारले, घरी सगळे ठीक आहे ना, कुणाशी बोलावेसे वाटते का? मुलगी गोंधळली. मीही गोंधळले. आम्ही शाळेपासून ‘व्हेअर आर यू पुटिंग अप?’ हे वाक्य ऐकत आलो आहोत. कुठे उतरलात, कुणाकडे राहता, असाच त्याचा अर्थ आम्हाला ठाऊक आहे. मग या वाक्यात नेमके बिघडले काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या मुलीच्या वाक्यात काळ बरोबर आहे, शब्दांचा क्रम बरोबर आहे, एकही शब्द जागचा हललेला नाही. तरीही त्या बाईंनी जे ऐकले ते असे : ‘सध्या मी माझ्या मावशीला कशीबशी सहन करते आहे.’ परदेशातून नुकतीच आलेली विद्यार्थिनी पत्ता सांगता सांगता असे म्हणाली, तर चांगल्या कर्मचाऱ्याने चौकशी करावीच. त्यांनी ती केली, यात त्यांचा चांगुलपणाच दिसतो.

‘पुट’, ‘अप’ आणि ‘विथ’ हे तीन शब्द सलग आले आणि पुढे व्यक्तीचे किंवा गोष्टीचे नाव आले, की आजच्या इंग्रजीत अर्थ एकच निघतो : जे आवडत नाही, ज्याचा त्रास होतो, पण जे बदलणे सध्या आपल्या हातात नाही किंवा बदलण्यासाठी भांडायची इच्छा नाही, ते चालवून घेणे. शेजाऱ्याचा मोठ्या आवाजातला टीव्ही, गळके छत, साहेबांचा तापट स्वभाव, रोज उशिरा येणारी गाडी, या सगळ्यांना हे क्रियापद लागू पडते. ‘आय पुट अप विथ द नॉइज’ म्हणजे आवाजाचा मला त्रास होतो, पण मी तो चालवून घेतो.

त्यातच मुलीने चालू वर्तमानकाळ वापरला. ‘आय पुट अप विथ’ म्हटले की ती अंगवळणी पडलेली गोष्ट वाटते. ‘आय ॲम पुटिंग अप विथ’ म्हटले की या घडीला चाललेला त्रास डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला ती तक्रार जास्तच ताजी वाटली.

तिने म्हणायला हवे होते, ‘आय ॲम स्टेइंग विथ माय आंट.’ याहून साधे आणि निर्धोक वाक्य नाही. ‘पुट अप’ वापरायचेच असेल, तर कर्ता बदलावा लागतो : ‘माय आंट इज पुटिंग मी अप.’ म्हणजे मावशीने मला आपल्याकडे ठेवून घेतले आहे. इथे ‘विथ’ नाही, ‘मी’ हा शब्द ‘पुट’ आणि ‘अप’ यांच्या मध्ये बसला आहे आणि आदरातिथ्य करणारी मावशी कर्ता आहे. या वाक्यात तक्रारीचा लवलेशही नाही, उलट कृतज्ञता आहे.

प्रश्न : मग ‘व्हेअर आर यू पुटिंग अप?’ हे वाक्य आपल्याकडे आले कुठून? ते चूक म्हणायचे का?

उत्तर : चूक म्हणता येणार नाही. ते जुने आहे. ‘पुट अप ॲट ॲन इन’ म्हणजे वाटेतल्या खाणावळीत किंवा सराईत मुक्काम करणे, हा प्रयोग घोड्यांच्या आणि घोडागाड्यांच्या काळातला. प्रवासी सराईत पोहोचला की आधी घोडा तबेल्यात बांधायचा, त्यालाही ‘पुट अप’ म्हणत. घोडा बांधला म्हणजे मुक्काम पडला. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांत आणि प्रवासवर्णनांत हा प्रयोग सर्रास भेटतो. आपल्याकडे शाळा-कचेऱ्यांतून इंग्रजी रुजली तीही त्याच शतकात. इंग्लंडमध्ये पुढे ‘स्टे’ने जागा घेतली आणि ‘पुट अप ॲट’ मागे पडले. भारतात मात्र ते टिकले. भारतीय इंग्रजीत असे अनेक प्रयोग आहेत, जे त्यांच्या जन्मगावी आता क्वचितच ऐकू येतात.

मराठी माणसाला हा प्रयोग चटकन आपला वाटला, त्याचेही कारण आहे. ‘कुठे उतरलात?’ असे आपण विचारतो. वाहनावरून उतरणे आणि मुक्कामाला उतरणे यांसाठी मराठीने एकच क्रियापद ठेवले आहे. बोरिवलीला भावाकडे उतरलो, पंढरपूरला मठात उतरलो, हे आपल्या तोंडी सहज येते. इंग्रजीत या क्रियेची दिशा वर आणि मराठीत खाली, एवढाच फरक. इंग्रजी शिकणाऱ्या पिढ्यांनी ‘उतरणे’च्या जागी ‘पुटिंग अप’ बसवले आणि ते चपखल बसले.

घोटाळा होतो तो ‘विथ’मुळे. ‘पुटिंग अप ॲट अ हॉटेल’ असे म्हटले तर लंडनमधल्या माणसाला ते जुन्या धाटणीचे वाटेल, पण कळेल. माणसाकडे राहतो हे सांगायचे म्हटले की ‘स्टे विथ’, ‘लिव्ह विथ’ यांच्या सवयीने ‘ॲट’ जाऊन ‘विथ’ येते, आणि तिथे आधीपासून ठाण मांडून बसलेला दुसरा अर्थ पुढे सरसावतो. म्हणून भारतात, भारतीय माणसांशी बोलताना ‘व्हेअर आर यू पुटिंग अप?’ खुशाल विचारा. बाहेरच्या देशात ‘व्हेअर आर यू स्टेइंग?’ म्हणा. आणि ‘पुटिंग अप विथ’पुढे नातलगाचे नाव मात्र कुठेही घालू नका.

प्रश्न : ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘अप’ म्हणजे वर, ‘विथ’ म्हणजे बरोबर. यातून ‘सहन करणे’ हा अर्थ निघतो कसा?

उत्तर : तीन शब्दांचे अर्थ जोडून तो निघत नाही. त्यासाठी शब्दांचा इतिहास बघावा लागतो.

जुन्या इंग्रजीत ‘पुट अप’चा एक अर्थ ‘जागच्या जागी ठेवून देणे, आत घालून ठेवणे’ असा होता. तलवार म्यान करण्यालाही ‘पुट अप’ म्हणत. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये येशूला धरून नेण्याच्या प्रसंगी पीटरला तलवार म्यान करायला सांगितले आहे, तिथे हाच प्रयोग आहे. काढलेली तलवार परत आत घालायची म्हणजे राग आवरायचा, सूड घ्यायचा नाही. या अर्थाच्या अगदी शेजारीच आणखी एक अर्थ नांदत होता : झालेला अपमान किंवा अन्याय प्रत्युत्तर न देता मुकाट्याने आत घेणे. अपमान ‘पॉकेट’ करणे, म्हणजे तो जणू खिशात घालून गप्प बसणे, असाही प्रयोग इंग्रजीत आहे. मराठीत आपण अपमान गिळतो आणि कुणाची चूक पोटात घालतो. आत काय घालायचे आणि कुठे घालायचे, हे दोन्ही भाषांनी आपापले ठरवले. मनातली हालचाल मात्र सारखीच आहे.

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मध्ये रॉडरिगो हे पात्र इयागोकडून पुरते फसवले गेले आहे. आतापर्यंत जे सोसले ते आता शांतपणे सोसणार नाही, असे तो इयागोला सुनावतो, तेव्हा त्याच्या तोंडी ‘पुट अप’ आहे, पण ‘विथ’ नाही. त्या काळी दोनच शब्दांवर काम भागत होते. अठराव्या शतकात ‘विथ’ची जोड मिळाली आणि आज आपण वापरतो ते तीन शब्दी रूप रुळले. पुढे नुसत्या ‘पुट अप’चा सोसण्याचा अर्थ मावळला. पाहुणा ठेवून घेणे, भिंतीवर चित्र लावणे, तंबू ठोकणे, पैसे उभे करणे, निवडणुकीला उमेदवार उभा करणे, असे अर्थ त्याच्याकडे राहिले आणि सोसण्याचा अर्थ ‘पुट अप विथ’ने आपल्याकडे घेतला.

याच कुटुंबात ‘पुट अप टू’ आहे, तेही लक्षात ठेवा. ‘हू पुट यू अप टू धिस?’ म्हणजे हे करायला तुला कुणी फूस लावली? शेवटचा लहानसा शब्द बदलला की अर्थ किती दूर जातो, हे यावरून दिसते. मावशीने ‘पुट मी अप’ केले तर ती यजमान, मी मावशीला ‘पुट अप विथ’ केले तर ती त्रासदायक, आणि मावशीने मला एखाद्या गोष्टीसाठी ‘पुट अप टू’ केले तर ती चिथावणारी ठरते.

प्रश्न : ‘टॉलरेट’, ‘बेअर’, ‘स्टँड’, ‘एन्ड्युअर’ या सगळ्यांचा अर्थ शब्दकोशात ‘सहन करणे’ असाच दिलेला असतो. मग त्यांतले ‘पुट अप विथ’ कधी वापरायचे?

उत्तर : आधी मराठीतच बघू, कारण आपल्याकडे या बाबतीत मोठी श्रीमंती आहे. सहन करणे, सोसणे, चालवून घेणे, खपवून घेणे, सांभाळून घेणे, जुळवून घेणे, निभावून नेणे, ही सात क्रियापदे आपण कधी एकमेकांच्या जागी टाकत नाही. बाळंतवेणा सोसतात, त्या कुणी ‘खपवून’ घेत नाही. वर्गातला दंगा गुरुजी खपवून घेत नाहीत. तिथे अधिकार लागतो आणि क्रियापद बहुधा नकारार्थीच येते. भाजीत मीठ कमी पडले तर आपण चालवून घेतो. नव्या सुनेला सासू सांभाळून घेते, त्यात माया असते. सहकाऱ्याशी जुळवून घेतो, त्यात दोन्ही बाजूंनी थोडे सरकणे असते.

‘पुट अप विथ’ला यांतले सर्वांत जवळचे ‘चालवून घेणे’. रोजच्या जगण्यातला, मध्यम आकाराचा, पुन्हा पुन्हा होणारा त्रास हे त्याचे क्षेत्र. त्याआधी ‘वोन्ट’ आले की तेच ‘खपवून घेणार नाही’पर्यंत चढते : ‘आय वोन्ट पुट अप विथ धिस बिहेव्हिअर.’

‘टॉलरेट’ लॅटिनमधून आलेला, औपचारिक शब्द. नियम, परिपत्रक, न्यायालयीन भाषा आणि तक्रारअर्ज यांत तोच शोभतो. वैद्यकातही तोच हवा : रुग्णाने औषध चांगले ‘टॉलरेट’ केले, म्हणजे त्याला ते मानवले. तिथे ‘पुट अप विथ’ म्हटले तर रुग्ण औषधावर नाराज होता असा अर्थ होईल. इंजिनिअरिंगच्या कारखान्यात ‘टॉलरन्स’ म्हणजे मापात चालू शकणारा फरक, तोही याच शब्दाचा नातेवाईक. तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच नसतो.

‘बेअर’ आणि ‘स्टँड’ बोलताना बहुधा नकारात येतात : ‘आय कान्ट स्टँड इट’, ‘आय कान्ट बेअर इट’. मला ते अजिबात सहन होत नाही, असा त्यांचा भाव. ‘पुट अप विथ’ होकारात आणि नकारात सारख्याच सहजतेने वावरते. ‘एन्ड्युअर’मध्ये काळ लांब असतो आणि यातना मोठी : युद्ध, दुष्काळ, कारावास. शेजाऱ्याच्या टीव्हीसाठी ‘एन्ड्युअर’ वापरणे जड होईल आणि कारावासासाठी ‘पुट अप विथ’ वापरणे फार हलके होईल.

‘ॲक्सेप्ट’ या सर्वांहून वेगळे. स्वीकारलेल्या गोष्टीवर मनात राग उरत नाही. ‘पुट अप विथ’ केलेल्या गोष्टीवरची नाराजी मनात शाबूत असते, फक्त ती कृतीत उतरत नाही. या क्रियापदाचा गाभा तोच. कर्त्याला ती गोष्ट आवडत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही, ते क्रियापदच सांगून मोकळे होते.

प्रश्न : एका परदेशी ग्राहकाने ईमेलच्या शेवटी लिहिले, ‘थँक यू फॉर पुटिंग अप विथ अस.’ तुम्ही सांगता त्या अर्थाने पाहिले तर हे विचित्र वाटते. यावर उत्तर काय द्यायचे?

उत्तर : विचित्र मुळीच नाही. या क्रियापदाचा हा सर्वांत सुसंस्कृत उपयोग म्हणावा लागेल. इथे ग्राहक स्वतःकडे कमीपणा घेतो आहे. आम्ही वारंवार बदल सांगितले, उशीर केला, प्रश्न विचारून तुम्हाला भंडावले आणि तुम्ही ते चालवून घेतले, हे तो मान्य करतो. मराठीत आपण म्हणू, ‘आमचा त्रास सहन केलात, आभारी आहोत’ किंवा ‘सांभाळून घेतलेत.’

नियम सोपा आहे. त्रासदायक बाजूला स्वतःला ठेवले तर ती नम्रता होते, दुसऱ्याला ठेवले तर तक्रार. ‘थँक्स फॉर पुटिंग अप विथ मी’ हे पाहुण्याने यजमानाला, विद्यार्थ्याने मार्गदर्शकाला, आजाऱ्याने शुश्रूषा करणाऱ्याला खुशाल म्हणावे. पण ‘आय पुट अप विथ यू’ हे समोरच्याच्या तोंडावर सांगितले की भांडणाला आमंत्रण. म्हणून त्या ईमेलला ‘येस, वी पुट अप विथ यू’ असे उत्तर कधीही पाठवू नका. ‘नॉट ॲट ऑल, इट वॉज अ प्लेझर वर्किंग विथ यू’ एवढे पुरे. समोरच्याने घेतलेला कमीपणा हळूच परत करायचा असतो, ही रीत आपल्याला नवी नाही.

प्रश्न : या क्रियापदाचे तुकडे करता येतात का? आणि वाक्याच्या शेवटी ‘विथ’ आलेले चालते का? आम्हाला शाळेत ते चूक म्हणून शिकवले होते.

उत्तर : तुकडे करता येत नाहीत. ‘पुट अप’ पाहुणा ठेवून घेण्याच्या अर्थाने असेल, तर कर्म मध्ये बसते : ‘पुट हिम अप.’ ‘पुट अप विथ’मध्ये कर्म नेहमी ‘विथ’च्या पुढेच येते : ‘पुट अप विथ हिम.’ नाम असो वा सर्वनाम, जागा तीच. ‘पुट हिम अप विथ’ असे इंग्रजीत कुणी म्हणत नाही.

रूपांच्या बाबतीत हे क्रियापद शिकणाऱ्याला फार त्रास देत नाही. ‘पुट’चा भूतकाळही ‘पुट’च, त्याला शेवटी काही लागत नाही. ‘शी पुट अप विथ इट फॉर इयर्स’ म्हणजे तिने ते कित्येक वर्षे चालवून घेतले. ‘विथ’नंतर क्रिया आणायची असेल तर तिला ‘इंग’ लावावा : ‘आय वोन्ट पुट अप विथ बीइंग शाउटेड ॲट’, म्हणजे माझ्यावर ओरडलेले मी चालवून घेणार नाही. इथे ‘टू’ येत नाही. सोबतीला बहुधा ‘हॅव टू’, ‘कान्ट’, ‘वोन्ट’, ‘शुडन्ट हॅव टू’ ही मंडळी असतात, कारण नाइलाज, असमर्थता, निर्धार आणि अन्यायाची जाणीव हेच या क्रियापदाचे नेहमीचे सोबती. ‘यू शुडन्ट हॅव टू पुट अप विथ धिस’ हे दुसऱ्याची बाजू घेणारे वाक्य मला फार मोलाचे वाटते : हे तुला सोसावे लागू नये.

उच्चारात जोर ‘अप’वर द्यावा. ‘पुट’ आणि ‘विथ’ हलके. पटकन बोलताना ‘पुटप्-विथ’ असे जोडून ऐकू येते, आणि अमेरिकी तोंडी ‘ट’ मऊ होऊन ‘पुडप्’च्या जवळ जातो. प्रत्येक शब्दावर सारखा जोर दिला की ऐकणाऱ्याला ते तीन सुटे शब्द वाटतात आणि अर्थ लागायला वेळ लागतो.

आता शेवटच्या ‘विथ’विषयी. ‘देअर आर थिंग्ज वी हॅव टू पुट अप विथ’ हे निर्दोष वाक्य आहे. वाक्य शब्दयोगी अव्ययाने संपवू नये या समजुतीला जॉन ड्रायडनने 1672 मध्ये मोठे बळ दिले. त्याने बेन जॉन्सनच्या लेखनात असली वाक्ये शोधून त्यांना दोष दिला. लॅटिनमध्ये तशी रचना होत नाही आणि तेव्हाच्या विद्वानांना लॅटिन हा आदर्श वाटे. पुढे 1926 मध्ये हेन्री फाउलरने आपल्या इंग्रजी वापराच्या प्रसिद्ध कोशात या नियमाला अंधश्रद्धा ठरवले. चर्चिलने हा नियम लावून एक मुद्दाम वेडेवाकडे वाक्य रचले आणि ते ‘पुट अप विथ’वरच बेतले होते, अशी गोष्ट अनेक पुस्तकांत छापली जाते. ते वाक्य त्याचेच, याला मात्र विश्वासार्ह पुरावा नाही. गोष्टीतून एवढे खरे कळते की हे तीन शब्द ओढूनताणून उलटे लावले तर वाक्य मोडते. ‘विथ’ शेवटी आला तर येऊ द्यावा.

प्रश्न : ‘कोप अप विथ द प्रेशर’ असे आमच्या कार्यालयात सगळेच म्हणतात. तेही ‘पुट अप विथ’सारखेच का?

उत्तर : नाही. प्रमाण इंग्रजीत ‘कोप विथ’ एवढेच आहे, ‘अप’ला तिथे जागा नाही. भारतात हा प्रयोग फार पसरला आहे आणि त्याचे कारणही कळण्यासारखे आहे. ‘कीप अप विथ’ म्हणजे बरोबरीने चालणे, ‘कॅच अप विथ’ म्हणजे मागून जाऊन गाठणे, ‘कम अप विथ’ म्हणजे एखादी कल्पना किंवा तोडगा सुचून मांडणे आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे चालवून घेणे. या चौघांच्या ओळीत ‘कोप’ही नकळत जाऊन बसले.

‘कोप’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या प्रहार करण्याच्या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. सुरुवातीला ‘कोप विथ’ म्हणजे कुणाशी तरी झुंजणे, टक्कर देणे. आजही त्यात तो जोम शिल्लक आहे. कामाचा ताण ‘कोप विथ’ करणारा माणूस ताणाशी सामना करून मार्ग काढतो. ताण ‘पुट अप विथ’ करणारा तो मुकाट्याने वागवतो. अर्ज, नोकरीची मुलाखत, स्पर्धा परीक्षेचा निबंध यांत हा फरक महत्त्वाचा ठरतो. ‘आय कॅन कोप विथ प्रेशर’ हे गुण सांगणारे वाक्य आहे, ‘आय पुट अप विथ प्रेशर’ हे नोकरीवरची नाराजी सांगणारे.

अशा ठिकाणी सांभाळावे असे आणखी एक उदाहरण ‘पास आउट’चे. ‘आय पास्ड आउट इन 2019’ असे आपण पदवी मिळाल्याचे वर्ष सांगतो. ब्रिटिश किंवा अमेरिकी माणसाला त्यातून 2019 मध्ये शुद्ध हरपली असे वाटण्याची शक्यता अधिक. लष्करी प्रशिक्षणाच्या संदर्भात हा प्रयोग ब्रिटिश इंग्रजीतही आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतली ‘पासिंग आउट परेड’ त्याच परंपरेतली. महाविद्यालयासाठी मात्र ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावे.

प्रश्न : अशी शेकडो क्रियापदे इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून शिकलेल्याने ती आत्मसात करायची तरी कशी?

उत्तर : ही अडचण आजची नाही आणि केवळ आपली नाही. सॅम्युअल जॉन्सनने 1755 मध्ये आपला इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेत त्याने लिहिले आहे की क्रियापदाला लहानसा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही पद्धत परकीयांना बहुधा सर्वांत अवघड जाते. म्हणून त्याने असे प्रयोग मुद्दाम काळजीपूर्वक नोंदवले. त्यांना ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मिळाले विसाव्या शतकात. लोगन पिअरसॉल स्मिथ याने 1925 च्या आपल्या पुस्तकात ते रूढ केले आणि त्याचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले.

मराठी माणसाने मात्र घाबरू नये, असे मला मनापासून वाटते. आपण ज्या भाषेत वाढलो, तिच्यात याच जातीची कारागिरी आहे. ‘लिहिले’, ‘लिहून टाकले’, ‘लिहून ठेवले’, ‘लिहून काढले’, ‘लिहून घेतले’, ‘लिहून दिले’ : मूळ क्रिया एक, पण शेवटचे क्रियापद बदलताच मनोवृत्ती बदलते. ‘टाकणे’ने सुटका दिसते, ‘ठेवणे’ने पुढची तजवीज, ‘काढणे’ने चिकाटीने केलेले काम. ‘घेणे’ आणि ‘देणे’ यांनी क्रिया कुणासाठी झाली ते कळते. ‘टाकणे’ म्हणजे फेकणे आणि ‘काढणे’ म्हणजे बाहेर घेणे असा सुटा अर्थ लावून मराठी शिकणारा परका माणूस जसा अडखळेल, तसेच आपण ‘पुट’, ‘अप’, ‘विथ’ यांचे सुटे अर्थ लावून अडखळतो.

संस्कृत शिकलेल्यांना आणखी जवळची खूण सांगता येईल. एकाच ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार हे शब्द होतात. अर्थ फिरतो तो उपसर्गामुळे. नंतरच्या संस्कृतात उपसर्ग धातूला चिकटून आधी येतो, पण वेदांच्या भाषेत तो धातूपासून दूर, कधी धातूच्या नंतरही येऊ शकत असे आणि पाणिनीने त्याची स्वतंत्र नोंद केली आहे. इंग्रजीतही दोन्ही पद्धती नांदतात. जुन्या इंग्रजीत असे शब्द पुष्कळदा क्रियापदाला आधी जोडले जात. पुढे ते मागे गेले आणि सुटे झाले. काही ठिकाणी जुने आणि नवे रूप शेजारी शेजारी उरले, पण अर्थ वेगळे झाले. ‘ओव्हरटेक’ म्हणजे मागे टाकणे, ‘टेक ओव्हर’ म्हणजे ताबा घेणे. ‘अपहोल्ड’ म्हणजे निर्णय कायम ठेवणे, ‘होल्ड अप’ म्हणजे खोळंबा करणे किंवा अडवून लुटणे.

आता शिकण्याविषयी. पन्नास क्रियापदांची यादी आणि समोर मराठी अर्थ, ही पद्धत सोडून द्या. ‘पुट अप विथ = सहन करणे’ एवढे पाठ करणाऱ्याला ते औषधासाठीही वापरावेसे वाटते आणि मावशीसाठीही. त्याऐवजी प्रत्येक क्रियापदाची चार गोष्टींची नोंद करा : कर्ता कोण असतो, कर्म कुठे बसते, बोलणाऱ्याच्या मनात काय असते आणि हे कुणासमोर बोलता येते. ‘पुट अप विथ’ची नोंद अशी होईल : कर्ता माणूस, कर्म नेहमी ‘विथ’नंतर, मनात नाराजी, पण तूर्त विरोध नाही, मित्रांत आणि रोजच्या कामकाजात चालेल, औपचारिक अर्जात ‘टॉलरेट’ बरे. नोंदीखाली स्वतःच्या आयुष्यातले एक खरे वाक्य लिहा. पुस्तकातले उदाहरण विसरते, स्वतःचा त्रास विसरत नाही.

एका वेळी ‘पुट’चे सगळे कुटुंब अंगावर घेऊ नका. एका आठवड्यात दोन क्रियापदे, आणि ती ऐकण्या-वाचण्यात पुन्हा भेटली की नोंदीत भर, एवढ्याने वर्षाअखेर शंभर क्रियापदे पक्की होतात. शाळांमधल्या इंग्रजीच्या शिक्षकांनाही विनंती आहे की फ्रेजल व्हर्ब शिकवताना मराठीतली ‘चालवून घेणे’, ‘लिहून टाकणे’ यांसारखी क्रियापदे फळ्यावर शेजारी मांडा. मुलांच्या कानात जे आधीच आहे, त्याचा आधार मिळाला तर परकी भाषा लवकर वश होते.

नाशिकच्या भगिनींनी मुलीला एवढेच कळवावे : वसतिगृहात खोली मिळाली आणि मावशीचे घर सोडायची वेळ आली, की मावशीला ‘थँक यू फॉर पुटिंग मी अप’ म्हण, आणि तिथे ‘विथ’ घालू नकोस.